'रफ मिक्स'ची एक बाजू

शनिवार, ३१ जानेवारी, रात्री

आज अमरतिथी. मेहेरबाबांनी १९६९ साली याच दिवशी देह ठेवला आणि तेव्हापासून दरवर्षी ३१ जानेवारीला दुपारी बारा वाजता मेहेराबादला, त्यांच्या समाधीपाशी, जमलेली हजारो माणसे पंधरा मिनिटे मौन पाळतात. मी बाबांचा अनुयायी नाही, आमच्या घरातही कोणी नव्हते. पण ज्याचे बालपण नगरमध्ये गेले (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले असले तरी आमच्या तोंडून नगरच निघते), त्याचा दौंड रस्त्यावरच्या अरणगावाशी, तिथल्या टेकडीशी आणि थंडीत स्टेशनवर उतरणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांशी काही ना काही संबंध आलेलाच असतो. माझा संबंध एका कॅसेटपुरता आला.

संध्याकाळी नगरहून मित्राचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्याने अचानक विचारले, "अरे, ती कॅसेट अजून आहे का रे तुझ्याकडे?" नाही, असे सांगावे लागले. तिची फीत इतक्या वेळा गुंतली आणि पेन्सिलीने इतक्या वेळा पुन्हा गुंडाळली गेली, की शेवटी ती तुटलीच. तिची जागा घेणारी, २००६ साली तीन जादा गाणी घालून पुन्हा काढलेली सीडी मात्र माझ्याकडे आहे. फोन ठेवल्यावर ती लावली आणि जेवण होईपर्यंत दोनदा ऐकून झाली.

कॅसेटची हकीकत अशी, की मित्राचे वडील नगर स्टेशनवर रिक्षा चालवत आणि मेहेराबादचे पाहुणे ने-आण करत. त्यांपैकी कोणीतरी निघताना ही कॅसेट त्यांच्या हातात ठेवली. त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर नव्हता, आमच्या घरी होता, म्हणून ती आमच्याकडे आली आणि राहिली. नव्वद मिनिटांची कॅसेट, कोणीतरी घरी भरून घेतलेली. कागदावर बॉलपेनने 'रफ मिक्स' आणि त्याखाली 'पीट, रॉनी' एवढेच लिहिलेले. गाण्यांची यादी नाही, आडनावे नाहीत. आम्ही दोघांनी आपसांत ठरवून टाकले, की मेहेराबादला येऊन गेलेल्या कोणा दोन हौशी गोऱ्या भक्तांनी घरच्या घरी केलेले हे ध्वनिमुद्रण असणार. पुढे पुण्याला शिकायला आल्यावर एका रेकॉर्डच्या दुकानात तेच नाव लाँगप्ले रेकॉर्डवर पाहिले आणि मी तिथेच हसत उभा राहिलो. पीट म्हणजे 'द हू' या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक पीट टाउनशेंड होता आणि रॉनी म्हणजे 'स्मॉल फेसेस' आणि 'फेसेस' या दोन्ही बँडांचा बास गिटारवादक रॉनी लेन. आम्ही ज्यांना हौशी म्हणत होतो, त्यांच्या मागे ढोल वाजवायला 'रोलिंग स्टोन्स'चा चार्ली वॉट्स बसला होता आणि गिटार घेऊन एरिक क्लॅप्टन.

तरीही आमचा तर्क सगळाच चुकीचा नव्हता. ते दोघे खरोखरच बाबांचे होते. टाउनशेंडला बाबांचे नाव १९६७ साली माइक मॅकइनर्नी या चित्रकार मित्राकडून कळले. 'द हू'च्या 'टॉमी' या १९६९ सालच्या अल्बमचे मुखपृष्ठ याच मॅकइनर्नीने केले आणि तो अल्बम बाबांना अर्पण केलेला आहे. 'बाबा ओ'रायली' या 'द हू'च्या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे मेहेरबाबाच, हे आता बहुतेक रॉकवेड्यांना ठाऊक असते. १९७२ साली टाउनशेंड मेहेराबादला येऊन समाधीचे दर्शन घेऊन गेला. त्याच वर्षीच्या 'हू केम फर्स्ट' या त्याच्या एकट्याच्या अल्बममध्ये बाबांच्या 'परवरदिगार' प्रार्थनेला लावलेली चाल आहे, बाबांना आवडणारे, जिम रीव्हज या अमेरिकन कंट्री गायकाचे एक गाणे आहे आणि रॉनी लेनने गायलेले 'इव्होल्यूशन'ही आहे. दगडापासून सुरू होऊन वनस्पती, मासा, पक्षी, प्राणी असे करत माणसापर्यंत पोचणाऱ्या जिवाची ती गोष्ट आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचे फेरे ऐकत वाढलेल्या माणसाला पूर्व लंडनच्या या पोराने तीच कथा गिटारवर, गुत्त्यात बसून सांगितल्यासारखी सांगावी, याची मोठी गंमत वाटते.

म्हणजे हे दोघे गुरुबंधू. इंग्रजीत त्यांच्याविषयी लिहिणारे सगळे 'मित्र' म्हणून थांबतात, आणि ते खोटेही नाही: १९६८ च्या जानेवारीत 'द हू' आणि 'स्मॉल फेसेस' यांनी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा एकत्र केला होता आणि १९७३ साली 'क्वाड्रोफेनिया' या अल्बमचे ध्वनिमुद्रण करताना 'द हू'चा स्वतःचा स्टुडिओ पुरा झालेला नव्हता, तेव्हा लेनचा चाकांवरचा फिरता स्टुडिओच कामी आला होता. पण मित्र भांडतात आणि दूर जातात. गुरुबंधू भांडले तरी नाते संपत नाही, कारण ते दोघांनी आपल्या मर्जीने जोडलेलेच नसते. 'रफ मिक्स' ऐकताना हा फरक मला जाणवतो, आणि मला वाटते तो ऐकूही येतो.

या अल्बमला सहज जुगलबंदी म्हणून मोकळे होता येईल, पण आज लागोपाठ दोनदा ऐकल्यावर तो शब्द मी मनातून काढून टाकला. जुगलबंदीत एकाने तान घ्यायची आणि दुसऱ्याने तिला उत्तर द्यायचे असते. इथे तसे कुठेच नाही. अकरा गाण्यांपैकी टाउनशेंडची गाणी टाउनशेंड लिहितो, लेनची लेन लिहितो, आणि एकाचे गाणे चालू असताना दुसरा मागे बसून गिटार किंवा बास वाजवतो, क्वचित वरचा सूर धरतो. आपल्याकडे याला साथ म्हणतात. लेनला खरे तर दोघांनी मिळून गाणी लिहायची इच्छा होती. टाउनशेंडला एकट्याने लिहायची सवय होती आणि ती त्याने सोडली नाही. दोघांच्या नावावर मिळून एकच रचना आहे, शीर्षकाची, आणि तिच्यात एकही शब्द नाही, नुसते वादन आहे. क्लॅप्टनची गिटार त्या तुकड्यात मोकळी सुटते. मला तो तुकडा फार थोर वाटत नाही, पण जे दोघांना मिळून सांगायचे होते त्यासाठी शब्दांची वाटणी जमली नाही, एवढे त्यातून कळते.

'रफ मिक्स' हा स्टुडिओतला शब्द आहे. वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित केलेले आवाज दिवसाच्या शेवटी घाईने एकत्र करून, घरी नेऊन ऐकण्यापुरते जे मिश्रण बनवतात, ते रफ मिक्स. त्यावर पुढे हात फिरवायचा असतो. गंमत अशी, की हा अल्बम मुळीच कच्चा नाही. त्याचा निर्माता ग्लिन जॉन्स. 'लेड झेपेलिन'चा पहिला अल्बम याच्याच हाताखालून गेला, 'द हू'चा 'हूज नेक्स्ट'ही. लंडनच्या बार्न्स भागातल्या ऑलिंपिक स्टुडिओत १९७६-७७ च्या हिवाळ्यात हे काम झाले आणि सप्टेंबर १९७७ मध्ये अल्बम बाहेर आला. ते लंडनमधले पंकचे वर्ष होते. जुन्या रॉकवाल्यांना म्हातारे ठरवून मोडीत काढण्याच्या त्या दिवसांत तिशीतल्या दोघांनी ॲकॉर्डियन, व्हायोलिन आणि हार्मोनिका घेऊन बसावे, याला हिंमत म्हणावे की बेफिकिरी, ते ठरवणे कठीण आहे. त्या ऑलिंपिकमध्ये आता चित्रपटगृह आहे.

रविवार, १ फेब्रुवारी

सकाळी चहाबरोबर पुन्हा ऐकला. काल घाईने लिहिताना गाण्यांविषयी जवळजवळ काहीच लिहिले नाही, ते आज लिहितो.

पहिलेच गाणे, 'माय बेबी गिव्ह्ज इट अवे', ठेवायला नको होते असे मला पूर्वीपासून वाटते. चार्ली वॉट्सचा ताल सुरेख आहे, पण गाणे थट्टेखोर आहे आणि ऐकणाऱ्याला वाटते की पुढेही थट्टाच असणार. लगेच लेनचे 'नोव्हेअर टू रन' येते आणि खोलीतली हवा बदलते. टाउनशेंडचा आवाज उंच, धारदार, थोडा वाद घालणारा. लेनचा मऊ, किंचित खरखरीत, शेजारी बसून बोलणाऱ्याचा. लहानपणी आम्हाला कित्येक दिवस वाटत होते की गाणारा एकच आहे आणि त्याला मधूनमधून सर्दी होते.

'ॲनी' हे लेन, त्याची सहचरी केट लॅम्बर्ट आणि क्लॅप्टन या तिघांचे गाणे. त्यात खेड्यातली संध्याकाळ आहे. लेनने १९७३ साली 'फेसेस' सोडला, तोही अगदी यशाच्या भरात, आणि तो वेल्सच्या सीमेवर शेतावर राहायला गेला. पुढच्या वर्षी त्याने तंबू, गाड्या आणि सर्कशीतली माणसे घेऊन गावोगाव कार्यक्रम करायचे ठरवले. त्या फेरीला 'पासिंग शो' असे नाव होते आणि तिने त्याला आर्थिकदृष्ट्या बुडवले. मला ही कथा कळली तेव्हा आपल्या तमाशाच्या फडांची आठवण झाली. तंबू, ट्रक, चिखल, कर्ज हे सगळे तेच, फक्त पाऊस इंग्लंडचा. स्टेडियममध्ये वाजवणाऱ्या माणसाने आपण होऊन तंबूत यावे, हे मात्र आमच्याकडे कोणी केल्याचे ऐकलेले नाही. कर्जाच्या त्या ओझ्यासह तो टाउनशेंडकडे आला होता.

'कॅटमेलडी'विषयी फार लिहिण्यासारखे नाही. इयन स्ट्युअर्टचा पियानो नसता तर मी ते गाळूनच ऐकले असते. 'मिसअंडरस्टूड'मध्ये टाउनशेंड स्वतःचीच टिंगल करतो, आपल्याला लोकांनी गूढ समजावे अशी हौस असलेल्या माणसाची, आणि ती टिंगल छान जमते. पण त्याचे खरे मोठे काम 'स्ट्रीट इन द सिटी'. एक गिटार आणि तिच्याभोवती तंतुवाद्यांचा पूर्ण ताफा, ढोल नाहीत, बँड नाही. तंतुवाद्यांची योजना एडविन ॲस्टली यांची. ते दूरचित्रवाणी मालिकांचे नावाजलेले संगीतकार आणि टाउनशेंडचे सासरे. सासऱ्याला स्टुडिओत बोलावून जावयाने असे गाणे करावे, यात मला तरी मोठा धीटपणा दिसतो.

'एप्रिल फूल' ऐकताना आज पुन्हा थांबलो. लेनचा जन्म १ एप्रिल १९४६ चा, म्हणजे गाण्याचे नाव हीच त्याची जन्मतारीख. क्लॅप्टन इथे डोब्रो वाजवतो. पोटात धातूची तबकडी असलेली ही गिटार बोलते कमी आणि हुंदके जास्त देते. या ध्वनिमुद्रणाच्या दिवसांतच लेनला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असल्याचे निदान झाले. त्याच्या आईलाही तोच आजार होता, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हे ठाऊक नसताना मी ते गाणे शंभरदा ऐकले होते आणि ते मला एका भोळ्या माणसाचे गाणे वाटायचे. आता त्यातला भोळेपणा मला तितकासा भोळा वाटत नाही.

त्यानंतर थोड्याच वेळाने 'हार्ट टू हँग ऑन टू' येते. लिहिले टाउनशेंडने, पण कडवी गातो लेन आणि ध्रुवपद टाउनशेंड. सगळ्या अल्बममध्ये दोघे एका गाण्यात अशा पद्धतीने प्रथमच समोरासमोर येतात. कडव्यात माणसे काहीतरी शोधत चाचपडत असतात, लेन त्यांची हकीकत खालच्या सुरात सांगतो, आणि मग टाउनशेंडचा आवाज उंचावरून येतो, मागे 'द हू'मधल्याच जॉन एन्टविसलची पितळी वाद्ये. आपले गाणे, आपले शब्द, आणि त्यातला कठीण, बोलका भाग दुसऱ्याच्या तोंडी द्यायचा. शब्दांची वाटणी शेवटी जमली ती अशी. लेन गेल्यावर, २००४ साली, लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला त्यात टाउनशेंडही सहभागी झाला होता. याच सभागृहात १९८३ साली, लेन हयात असताना, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या संशोधनाच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात क्लॅप्टन आणि वॉट्स वाजवायला आले होते आणि शेवटी लेन स्वतः उभा राहून गायला होता. तो पुढे अमेरिकेत राहिला आणि ४ जून १९९७ रोजी कोलोराडोतल्या ट्रिनिडाड या गावी वारला.

शेवटचे गाणे दोघांपैकी कोणाचेच नाही. 'टिल द रिव्हर्स ऑल रन ड्राय' हे डॉन विल्यम्सचे अमेरिकन कंट्री गाणे, नद्या आटेपर्यंत साथ देण्याच्या वचनाचे. रॉकवाल्यांनी ते का निवडले असेल, असा प्रश्न मला पूर्वी पडत असे. बाबांना जिम रीव्हज आवडत असे हे कळल्यावर तो पडेनासा झाला. ते गाणे प्रियेला उद्देशून आहे, हे मान्य. पण हे दोघे एकत्र येऊन ज्या रीतीने ते म्हणतात, त्यात आरतीला उभे राहिलेल्या माणसांचा सूर मला ऐकू येतो. ही माझी समजूत असेल. मी नगरचा आहे.

आणि इथे सीडीचे आणि माझे पटणे संपते. अल्बम बेचाळीस मिनिटांच्या आसपास, कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. ज्याने कोणी ती भरली, त्याने आधीच्या कशावर तरी पुसून भरली असावी, कारण शेवटचे गाणे संपले की फितीवर उरलेली दोन-तीन मिनिटे जुनेच मुद्रण ऐकू यायचे: उघड्यावर बसलेल्या माणसांची कुजबुज, लांबवर भुंकणारे कुत्रे आणि मग मेहेराबादच्या मधून जाणाऱ्या दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या गाडीची लांबलचक शिट्टी. आम्ही ती शिट्टी गाण्याचाच भाग समजत होतो आणि मित्र तोंडाने तिची हुबेहूब नक्कल करत असे. आज सीडीवर नद्यांचे गाणे संपले आणि लगेच २००६ ची जादा गाणी सुरू झाली. मी ती बंद केली आणि मित्राला फोन लावून म्हटले, "शिट्टी वाजव." त्याने कारणही विचारले नाही.