बरगड्यांखालची भीती

आज मावशीला घेऊन दादरला डॉक्टरांकडे गेले होते. रिपोर्ट पुन्हा नॉर्मल. शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, "काही नाही हो, मनाचे खेळ." फार लागलं मला ते.

आपल्याला मोठा आजार झालाय अशी सतत भीती वाटणं, याला 'हायपोकॉन्ड्रिया' म्हणत. हा शब्द मुळात शरीराचाच. ग्रीकमध्ये 'हायपो' म्हणजे खाली, 'कॉन्ड्रोस' म्हणजे कूर्चा. बरगड्यांच्या कूर्चेखालचा पोटाचा भाग, जिथे यकृत आणि प्लीहा असतात. उदासी तिथूनच उठते असं जुने वैद्य मानत, म्हणून त्या जागेचं नाव आजाराला चिकटलं. डॉक्टर आजही पोटाचे ९ भाग पाडतात, त्यांत उजवं आणि डावं हायपोकॉन्ड्रियम आहेच! पण निदान म्हणून हा शब्द अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तिकेतून २०१३ साली गेला, कारण त्यात हेटाळणी मिसळली होती. आता म्हणतात 'इलनेस अँग्झायटी डिसऑर्डर', आणि शारीरिक त्रास ठळक असेल तर 'सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर'. बरं झालं बदललं ते.

मावशीची धडधड खरी आहे, उडालेली झोपही खरी आहे. यावर उपचार आहेत, समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. घरात कुणाला असा त्रास असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.