निमोचा राइट-क्लिक मेन्यू : काम कुठवर आलंय

लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा माझा राइट-क्लिक मेन्यू आता रोजच्या कामाला लागला आहे. सिनॅमन डेस्कटॉप, फाइल मॅनेजर निमो. माझ्याकडे फाइली येतात त्या जुन्या मराठी छपाईच्या: स्कॅन केलेली पानं, फोनवर काढलेले फोटो, सुट्ट्या सुट्ट्या पीडीएफ. त्यांवर करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. मजकूर काढायचा, आकार कमी करायचा, पानं जोडायची. यातली प्रत्येक गोष्ट टर्मिनलमध्ये कमांड टाइप करून होते, पण फाइल डोळ्यांसमोर असताना तिच्यावरच उजवं बटण दाबून काम उरकण्यात जी मजा आहे, तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

इतकं काम झाल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. मेन्यूत काय घालायचं हे ठरवायला फार वेळ लागत नाही. कोणती गोष्ट कधी दिसू द्यायची नाही, हे ठरवण्यात खरा वेळ जातो, आणि तो द्यायलाच हवा. फोटोवर क्लिक केल्यावर पीडीएफ जोडण्याची ओळ दिसली की नजर अडखळते. मेन्यू वाचावा लागू नये, हात आपोआप योग्य ओळीवर गेला पाहिजे.

म्हणूनच मी निमोवर स्थिरावलो. निमो हे नॉटिलस या गनोम डेस्कटॉपच्या फाइल मॅनेजरच्या ३.४ आवृत्तीवरून निघालेलं भावंड. २०१२ साली नॉटिलसमधून बऱ्याच सोयी काढल्या गेल्या तेव्हा मिंटवाल्यांनी वेगळी वाट धरली. नॉटिलसमध्ये आजही स्क्रिप्टचा (कमांड लिहिलेल्या छोट्या फाइलींचा) फोल्डर आहे, पण त्यातल्या स्क्रिप्टा कुठल्याही फाइलवर सरसकट दिसतात. निमोमध्ये कमांड आणि तिची अट एकाच छोट्या मजकूर-फाइलीत शेजारी शेजारी लिहिता येते.

(त्या मजकूर-फाइलीतल्या प्रत्येक सेटिंगच्या नावाला मी ‘कळ’ म्हणतो. पुढे कळींची नावं देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये ती रोमनमध्येच हवीत.)

होम फोल्डरमधल्या लपलेल्या ‘.लोकल’मध्ये शेअर, त्यात निमो, त्यात अ‍ॅक्शन्स असा फोल्डर असतो. तिथं ‘.निमो_अ‍ॅक्शन’ अशा शेवटाची फाइल ठेवली की मेन्यूत ओळ उमटते, निमो बंद करून पुन्हा उघडावा लागत नाही. ‘नेम’मध्ये दिसणारं नाव, ‘एक्झेक’मध्ये कमांड. बाकीचा खेळ अटींचा. ‘सिलेक्शन’मध्ये एकच फाइल, अनेक फाइली किंवा काहीच निवडलेलं नसताना, हे सांगायचं. ‘एक्स्टेन्शन्स’मध्ये जेपीजी, पीएनजी, पीडीएफ वगैरे. ‘डिपेंडन्सीज’मध्ये लागणाऱ्या प्रोग्रामचं नाव लिहिलं की तो प्रोग्राम मशीनवर नसेल तर ओळच दिसत नाही. ही शेवटची कळ मला सगळ्यांत आवडते. माझा अख्खा अ‍ॅक्शन्स फोल्डर मी दुसऱ्या मशीनवर जसाच्या तसा नेतो. जे तिथं चालण्यासारखं आहे तेवढंच समोर येतं.

‘कंडिशन्स’मध्ये याहून बारीक अटी घालता येतात: फक्त डेस्कटॉपवर, फक्त काढता येणाऱ्या ड्राइव्हवर, किंवा एखादी स्क्रिप्ट चालवून ती शून्य (म्हणजे ‘सगळं ठीक’) परत देईल तरच. स्क्रिप्टची अट जपून वापरा. तुम्ही उजवं बटण दाबता त्या क्षणी ती चालते, म्हणून तिच्यात नेटवर्क किंवा मोठी शोधाशोध नको.

विंडोजवाल्यांकडेही अटी आहेत, फक्त विखुरलेल्या. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, एखाद्या ओळीला ‘एक्स्टेंडेड’ ही किंमत दिली की ती शिफ्ट दाबून क्लिक केल्यावरच दिसते, ही कल्पना मला मनापासून पटते. पण पंधरापेक्षा जास्त फाइली निवडल्या की उघडा, छापा यांसारख्या ओळी तिथं मुळातच गायब होतात. ती मर्यादा वाढवायची तर पुन्हा रजिस्ट्री. विंडोज ११ ने २०२१ मध्ये मेन्यू आखूड करून बाकीचं ‘आणखी पर्याय दाखवा’च्या मागे ठेवलं. आखूड करण्याचा हेतू चांगलाच आहे. नेमकं काय मागे जावं ते वापरणाऱ्याला सहज ठरवता आलं असतं तर मला ते अधिक आवडलं असतं.

आधी सफाई

नवीन काही घालण्याआधी जुनं काढलं. निमोच्या प्राधान्यांमध्ये संदर्भ-मेन्यूचा वेगळा विभाग आहे, तिथं मूळ ओळींवरच्या खुणा काढता येतात. मी ‘टर्मिनलमध्ये उघडा’, नाव बदलणं आणि कचरापेटी ठेवली, बरंच काही काढलं.

मजकूर काढणं

या मेन्यूतली माझी सगळ्यांत लाडकी ओळ: ‘मराठी मजकूर काढा’. मागे टेसरॅक्ट चालतं, चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारं. एचपीच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात सुरू झालेला हा प्रोग्राम २००५ मध्ये मुक्त-स्रोत झाला, आणि २०१८च्या चौथ्या आवृत्तीपासून तो न्यूरल नेटवर्कवर चालतो. मराठीचं पॅकेज वेगळं बसवावं लागतं, भाषेचा कोड ‘एमएआर’. स्कॅन ३०० डीपीआयचं असेल तर छापील पानाचा मजकूर वापरण्याजोगा येतो. हस्ताक्षरासाठी हे साधन नाही.

मराठीसोबत इंग्रजीही जोडता येते. निव्वळ मराठी पानांसाठी मी जोडत नाही, कारण मग एखादं पुसट जोडाक्षर रोमन अक्षरं समजून वाचलं जातं. मराठीच्या मध्ये संस्कृत श्लोक असतील तर सबंध देवनागरी लिपीसाठी वेगळं मॉडेल आहे, ते माझ्या मेन्यूत दुसऱ्या ओळीवर आहे. बरीच पानं एकदम निवडून समांतर चालवायची असतील तर टेसरॅक्टला एकाच थ्रेडवर (प्रोसेसरवरच्या कामाच्या एकाच धाग्यावर) बांधून ठेवा. नाहीतर प्रत्येक पान अनेक थ्रेड मागतं आणि सगळीच पानं रांगेत खोळंबतात.

काम संपलं की ‘नोटिफाय-सेंड’ या कमांडने कोपऱ्यात सूचना येते. ही अगदी साधी गोष्ट आहे, पण मेन्यूतून सोडलेल्या कमांडला टर्मिनल नसतं. काम झालं की अडलं हे कळायला काहीतरी हवंच. चूक झाली तर तिचा मजकूरही मी त्याच सूचनेत पाठवतो.

फोटो लहान करणं

ऑनलाइन अर्ज भरताना ‘फोटो अमुक केबीच्या आत’ अशी अट असते, त्यासाठी ही ओळ. इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या प्रोग्रामला जेपीजीची कमाल साइज थेट सांगता येते, तो स्वतःच दर्जा कमी-जास्त करून त्या आकड्याच्या आत बसवतो. आकडा विचारायला झेनिटीची, म्हणजे स्क्रिप्टमधून खिडक्या दाखवणाऱ्या प्रोग्रामची, छोटी खिडकी.

इथं क्रम महत्त्वाचा आहे. फोनच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, ते अर्जासोबत जाऊ नयेत म्हणून फोटोतली अशी माहिती पुसणारा ‘स्ट्रिप’ पर्याय लावतो. पण फोटो उभा की आडवा हेसुद्धा त्याच माहितीत लिहिलेलं असतं. म्हणून आधी त्यानुसार फोटो फिरवणारा ‘ऑटो-ओरिएंट’, मग ‘स्ट्रिप’. उलट केलं तर फोटो आडवा होऊन बसतो. आणि मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा माझ्या मेन्यूतल्या प्रत्येक ओळीचा नियम. इमेजमॅजिकचा ‘मॉग्रिफाय’ मूळ फाइलवरच लिहितो, म्हणून त्याला वेगळा फोल्डर दाखवायचा.

पीडीएफ जोडणं

पॉप्लर या पीडीएफच्या साधनसंचातला ‘पीडीएफयुनाइट’ पुरेसा आहे. शेवटचं नाव निकालाच्या फाइलचं असतं, आणि त्या नावाची फाइल आधीच असली तरी तो न विचारता तिच्यावर लिहितो. स्क्रिप्टने आधी तपासलेलं बरं.

पानांच्या क्रमात आपल्याकडे एक खास भानगड आहे. क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ कमांडला व्हर्जन-क्रमाचा पर्याय दिला की नऊनंतर दहा येतं, पण फक्त इंग्रजी आकड्यांसाठी. ‘पान १०’ आणि ‘पान २’ अशी नावं देवनागरी आकड्यांत असतील तर त्याला ते आकडे वाटतच नाहीत, साधी अक्षरं वाटतात, आणि १० आधी येतं. ‘पान ०२’ असं शून्य लावून नाव दिलं की प्रश्न मिटतो, कारण युनिकोडमध्ये ० ते ९ ओळीनेच आहेत. ज्यांच्या फाइलींना नावं देणं आपल्या हातात नाही, त्यांच्यासाठी स्क्रिप्ट आधी मनातल्या मनात देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून क्रम लावते. फाइलींची नावं तशीच राहतात.

मराठी नावांबद्दल आणखी एक. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल-सिस्टिमवर फाइलचं नाव २५५ बाइटांचं असू शकतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या मोजून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. लेखाचं पूर्ण शीर्षक फाइलला देणाऱ्यांच्या बाबतीत ही हद्द लवकर येते, आणि वर माझी स्क्रिप्ट ‘-लहान’ असा शेवट जोडते. आता ती आधी लांबी मोजते. नावांत मोकळ्या जागा असतातच, तेव्हा स्क्रिप्टमध्ये नावाभोवती दुहेरी अवतरण हवंच.

ओळींची नावं मी दोन्ही भाषांत दिली आहेत. ‘नेम’ या कळीपुढे चौकोनी कंसात ‘एमआर’ लिहून मराठी नाव दिलं की मराठीत चालणाऱ्या डेस्कटॉपवर ते दिसतं, इतरत्र मूळचं. वडिलांचं मशीन मराठीत आहे. त्यांना ही एकच गोष्ट सगळ्यांत जास्त उपयोगी पडली.

मिंट २१.३ पासून इतरांनी बनवलेल्या अ‍ॅक्शन्स थेट उतरवून घेता येतात, आणि मिंट २२ मध्ये ओळींचे उपमेन्यू खेचून लावायची खिडकी आली. मी पीडीएफच्या ओळी एका उपमेन्यूत टाकल्या. मजकूर काढण्याची ओळ मात्र वरच्या पातळीवरच राहणार. रोज लागणारी गोष्ट एक पातळी आत गेली की हात थबकतो.

हातात असलेलं काम

आता ‘जुना फाँट युनिकोडमध्ये करा’ ही ओळ चालू आहे, सध्या कृतिदेवपुरती. या फाइली आतून रोमन अक्षरांच्याच असतात, फाँटमुळे मराठी दिसतात. ‘डी’ म्हणजे क, ‘एफ’ म्हणजे ऱ्हस्व वेलांटी. ‘कि’ तिथं ‘एफ-डी’ असा, वेलांटी आधी. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर हवी, म्हणून अदलाबदल करावी लागते. आणि वेलांटी जोडाक्षराची असेल तर एक अक्षर ओलांडून भागत नाही, अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. रफाराचं उलट: तिथं तो अक्षरानंतर टाइप केलेला, युनिकोडमध्ये आधी. बदलांचा क्रमही सांभाळावा लागतो. ‘व्ही’ म्हणजे अ आणि ‘व्ही-के’ म्हणजे आ. लांब जोड्या आधी बदलल्या नाहीत तर अ आणि काना सुटे राहतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोधताना तो शब्द सापडत नाही.

ही ओळ कधी दिसावी, हे अजून सुटलेलं नाही. फाइलचं एक्स्टेन्शन नुसतं टीएक्सटी. आतला मजकूर कृतिदेव आहे की साधं इंग्रजी, हे नावावरून कळत नाही. तूर्तास ओळ प्रत्येक टीएक्सटीवर दिसते, आणि आत एकही देवनागरी चिन्ह सापडलं तर स्क्रिप्ट काही न बदलता थांबते आणि तसं सांगते. पण साधं इंग्रजी या तपासणीतून निसटतं. त्यासाठी ‘द’, ‘अँड’, ‘ऑफ’ असे नेहमीचे इंग्रजी शब्द मोजून बघतोय. श्री-लिपी या दुसऱ्या जुन्या फाँट-संचाचा तक्ता मी अजून सुरू केलेला नाही. कुणी तो जोडाक्षरांसकट तपासून तयार केला असेल तर मला हवा आहे, बदल्यात माझा कृतिदेवचा तक्ता देईन.