तुम्ही विचारलंत म्हणून: प्रोजेक्टचं फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये का नको?

दिवसा लॅपटॉपवर आणि रात्री दुसऱ्या कॉम्प्युटरवर एकाच वेबसाइटचं काम करणारे हमखास विचारतात: अख्खं फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये टाकलं की झालं, गिटची (फाइल्समधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या प्रोग्रामची) कटकट कशाला?

एचटीएमएल-सीएसएसच्या चार फाइल्स असतील तर खुशाल टाका. पण नोड_मॉड्यूल्स, म्हणजे साइटला लागणारी इतरांनी लिहिलेली कोडची पॅकेजेस ठेवणारं फोल्डर, आलं की हजारो बारीक फाइल्स आल्या, आणि त्यातली काही पॅकेजेस त्या-त्या ऑपरेटिंग सिस्टिमपुरतीच बनलेली असतात. मॅकवरून विंडोजवर नेली की चालत नाहीत. गिट आधीच वापरत असाल आणि तेच फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये असेल, तर आणखी पंचाईत. ड्रॉपबॉक्स एकेक फाइल सुटी पाठवतो; गिट सगळा इतिहास ज्यात ठेवतो त्या .गिट फोल्डरमधल्या फाइल्स मात्र एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. ब्रँचची (कामाच्या स्वतंत्र फांदीची) नोंद पोचली आणि तिचं कमिट (बदलांचा जतन केलेला टप्पा) अजून वाटेतच असलं, की रिपॉझिटरी (गिट सांभाळत असलेला प्रोजेक्ट) मोडल्यासारखी वागते.

म्हणून मध्ये एक रिमोट, म्हणजे दोन्ही मशीनना पोचता येईल अशी प्रोजेक्टची सामाईक प्रत, ठेवा: गिटहब, गिटलॅब, नाहीतर स्वतःच्या सर्व्हरवर ‘गिट इनिट --बेअर’. प्रत्येक मशीनवर क्लोन करा (त्याची प्रत उतरवा) आणि प्रत्येकाची एसएसएच की (रिमोटला त्या मशीनची ओळख पटवणारी किल्ली) वेगळी बनवा. लॅपटॉप हरवला तर तेवढी एकच रद्द करता येते.

आता सवयीचा भाग. गिट आपणहून काहीच सिंक करत नाही. कामावरून उठण्याआधी कमिट आणि पुश (रिमोटवर पाठवणं), बसल्यावर पहिल्यांदा ‘गिट पुल --एफएफ-ओन्ली’ (रिमोटवरून आणणं). दोन्हीकडे वेगवेगळे कमिट झाले असतील तर ही कमांड मर्ज न करता (ते एकत्र न जोडता) थांबते, आणि कुठेतरी पुश राहिलंय हे लगेच कळतं. अर्धवट काम ‘गिट स्टॅश’मध्ये (कमिट न करता बदल बाजूला ठेवायच्या जागेत) ठेवून निघू नका: स्टॅश त्याच मशीनवर राहतो, पुश केला तरी सोबत जात नाही. त्यापेक्षा वेगळी ब्रँच काढा, ‘अर्धवट’ असा मेसेज देऊन कमिट करा आणि पुश करा. असे दहा कमिट साचले तरी बिघडत नाही. काम संपलं की मेन ब्रँचवर ‘गिट मर्ज --स्क्वॉश’ (ते सगळे बदल एकत्र गोळा करणारी कमांड) चालवून शेवटी एकच नीटनेटका कमिट करायचा. फोर्स पुशच्या (रिमोटवरचा इतिहास जबरदस्तीने बदलण्याच्या) वाटेला जायची गरजच पडत नाही.

खरी डोकेदुखी असते ती गिटमध्ये न जाणाऱ्या गोष्टींची. नोड_मॉड्यूल्स आणि .एन्व्ह (पासवर्डसारख्या सेटिंग्जची फाइल) दोन्ही .गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइल्सच्या यादीत) हवीत, पॅकेज-लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) मात्र कमिट करायचीच, आणि दुसऱ्या मशीनवर ‘एनपीएम सीआय’ चालवायचं, म्हणजे लॉकमधल्याच आवृत्त्या येतात. .एन्व्ह आधीच कमिट झाली असेल तर .गिटइग्नोरमध्ये नाव टाकून उपयोग नाही. ‘गिट आरएम --कॅश्ड .एन्व्ह’ करा आणि ती पुश झालेली असेल तर पासवर्डही बदला, कारण जुन्या कमिटमध्ये ते वाचता येतातच. डेटाबेस तर गिटच्या हिशेबातच नसतो. टेबलांची रचना मायग्रेशनमध्ये (ती रचना पुन्हा उभी करणाऱ्या कोडमध्ये) आणि नमुन्याचा डेटा सीड फाइलमध्ये (तो डेटा भरणाऱ्या फाइलमध्ये) लिहिलेला नसेल, तर कोड पोचतो पण साइट उघडत नाही.

विंडोज आणि लिनक्स मिसळून वापरत असाल तर .गिटअ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये ‘* टेक्स्ट=ऑटो’ ही ओळ घाला. नाहीतर दोन्हीकडे वेगळ्या असणाऱ्या, ओळीच्या शेवटच्या अदृश्य खुणांपायी एक अक्षरही न बदलता अख्खी फाइल बदललेली दिसू शकते.