आमची वाटचाल : काजळी, हिरडा आणि बोरू

चित्रकलेची एकही परीक्षा मी दिलेली नाही. हे आधीच सांगतो, कारण ते चारचौघांत सांगायला आमचा जुना भागीदार कधी विसरत नाही.

सांगलीच्या गावभागात आमचं दुकान. पाडायला काढलेल्या वाड्यांची चित्रं काढून देणं हा धंदा. पहिलं चित्र इस्त्रीवाल्याकडच्या कोळशानं, सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर काढलं. तांबडा रंग विटकरी घासून. हळद मात्र वापरू नका. उन्हानं उडते आणि गिऱ्हाईक बोल आपल्याला लावतं.

शाई घरचीच. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर ताट उपडं धरायचं, काजळी पिसानं झाडायची आणि बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात दिवसभर घोटायची. खलाचा आवाज चिकट आला की जमली. दुसरी हिरड्याची. हिरडा कुटून लोखंडी कढईत उकळायचा, गाळायचा, मग हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, घालायचा. ओढताना रेघ फिकी दिसते, सकाळी काळीभोर. हिराकस जास्त पडलं तर कागदच खातं. बोरूच्या लेखणीची चीर वाकडी गेली की डाग पडलाच म्हणून समजा.

भागीदार म्हणायचा, "हिरड्याचा खटाटोप कशाला? काजळी दिसते झकास." मी ऐकत गेलो. मधली वर्षं गेली कामात.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, दुकानात छातीएवढं पाणी. डिंकाची शाई ती, विरघळणारच. ऑर्डरची सगळी चित्रं राखाडी लगदा झाली. आगाऊ घेतलेले पैसे परत देता देता बायकोच्या पाटल्या गेल्या. भागीदार तेवढ्यात नमुन्यांची वही उचलून पुण्याला. तिथं पाटी लावली, 'हिरड्याची अस्सल शाई'. बाटलीत शाई फाउंटन पेनची!

दिवाळीच्या आधी आमचे एक जुने गिऱ्हाईक, निवृत्त मास्तर, दारात आले. त्यांचा वाडा पुरात बसला होता. काखेत चित्र, गाळानं माखलेलं. हट्टानं हिरड्याच्या शाईत काढून घेतलेलं ते एकच. ओल्या फडक्यानं गाळ टिपला तर तुळशीवृंदावनाची रेघ न् रेघ जागेवर. "तिन्ही मुलींना एकेक काढून दे," म्हणाले आणि पैसे आधीच ठेवले. त्यातून नवा खल आणला.

हल्ली पुण्याची गिऱ्हाइकं खरी हिरड्याची शाई मागतात म्हणे. भागीदाराचा फोन येतो, हिराकस किती घालायचं विचारायला. मी दुप्पट सांगतो.