फळ्यावरचं ‘आहे’

‘स्मरणिकेच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे’ असा निरोप आला तेव्हा हसूच आलं. रौप्यमहोत्सव सिंधी वर्गाचा आणि माझ्याकडून हवंय मराठीत! पण खरं सांगायचं तर सलग दोन पानं सिंधीत लिहायची म्हटलं की आजही माझी दमछाक होते.

पिंपरी कॅम्प, म्हणजे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती. तिथल्या टिकाण्यामागचा, म्हणजे सिंधी मंदिरामागचा, तो हॉल. रविवारी सकाळी सतरंजी आम्हीच अंथरायचो. फी नव्हती. शिकवणाऱ्या बाईंना सगळे अदी म्हणायचे, म्हणजे ताई. खडू त्या स्वतःच्या पैशाने आणायच्या. दीड तास अभ्यास, मग दाल-पकवान. पकवान नसतं तर निम्मी पोरं फिरकली नसती, त्यात मीही आले.

पहिल्याच दिवशी अदींनी प्रत्येकाचं नाव फळ्यावर लिहिलं. ‘मुंहिंजो नालो’ (माझं नाव), मग नाव, मग ‘आहे’. मी मराठी शाळेतली. हात वर करून म्हटलं, ‘अदी, शेवटी मराठी आलं.’ त्या म्हणाल्या, ‘ते आपलंही आहे.’ घरात रोज ऐकलेला शब्द, पण फळ्यावर दिसेपर्यंत माझ्या ध्यानातच आला नव्हता.

मग ॻ, ॼ, ॾ, ॿ आले. अक्षराखाली आडवी रेघ, आणि उच्चारताना हवा आत ओढायची. बेडूक म्हणजे ॾेॾरु. शेजारची माझी मैत्रीण अस्सल मावळातली. तिच्या आईला रविवारी ड्युटी असायची, म्हणून ती माझ्याबरोबर येऊन बसायची. तिचा ॾेॾरु आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा खणखणीत निघायचा. अदी तिलाच उभं करायच्या आणि आम्ही कॅम्पातली पोरं खाली मान घालायचो.

शाळेतल्या एका बाईंना हा वर्ग खटकायचा. ‘आधी मराठी नीट करा, रविवारी वेगळी चूल कशाला?’ तेव्हा उत्तर सुचलं नाही. पुढे ज्ञानेश्वरीतल्या ओव्या अभ्यासाला आल्या. ‘गणेशु’, ‘प्रकाशु’ म्हणताना वर्ग अडखळत होता. मला तो शेवटचा उकार घरचा वाटला. आमच्यात हात म्हणजे हथु, नाक म्हणजे नकु. त्याच बाईंनी मला ओव्या मोठ्याने वाचायला सांगितल्या आणि पाठ थोपटली. हे रविवारचं देणं आहे, असं मी त्यांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

एक तक्रार मात्र महोत्सवातही करणारच. लिपीची. १९६७ साली सिंधी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, आली, तरी ती लिहायची कशी यावरून आमच्या हॉलमध्ये भांडणं चालूच होती. बुजुर्गांना अरबी वळणाची बावन्न अक्षरं हवी होती, आयांना देवनागरी. दर बैठकीनंतर पुस्तक बदलायचं. शेवटी देवनागरी ठरली. आम्ही सुटलो, कारण ती शाळेत येतच होती.

पण आजोबा सिंधमधल्या शिकारपूरहून आले ते तिथे चार इयत्ता शिकून. त्यांची हिशेबाची वही त्या दुसऱ्या लिपीत आहे. ते गेले, वही माझ्याकडे आली. मुलगी झोपली की अलिफ-बे पासून गिरवायला बसते. मागच्या आठवड्यात एका पानावर ‘पिंपरी’ लागलं. त्याच्या पुढचा शब्द कुणाचं नाव आहे की कसला माल, ते अजून सुटलेलं नाही. अदी, एखाद्या रविवारी वही घेऊन येऊ का?