मंगळवारी दुपारच्या आधीचं

मे महिन्यातला गुरुवार. रामदासपेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसमधून सकाळीच फोन आला. एका प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या ड्रॉइंग फाइली उघडल्या की कोऱ्या दिसत होत्या. पोचलो तर कूलरसमोर उभे असूनही ड्राफ्ट्समन दादा घामाघूम. "टेम्प्लेट कॉपी करत होतो सर, तेच सगळ्यांवर बसलं वाटते. भेटतीन ना फाइली?"

कीबोर्डला हात लावण्याआधी मी नेहमी एकच विचारतो: शेवटची चांगली फाइल कधी बघितली? मंगळवारी, जेवणाआधी.

त्यांचा बॅकअप बॅक्युला नावाच्या सॉफ्टवेअरवर. त्याच्या कन्सोलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, रिस्टोअर (फाइली परत आणायची कमांड) लिहिलं की पर्यायांची यादी येते. पाचवा पर्याय म्हणजे त्या मशीनचा सगळ्यात ताजा बॅकअप. हात तिकडेच जातो. पण ताजा म्हणजे बुधवारी रात्रीचा, आणि त्यात कोऱ्या फाइलीच इमानेइतबारे जतन झालेल्या. म्हणून सहावा पर्याय, दिलेल्या वेळेआधीचा बॅकअप. आधी वर्ष, मग महिना, दिवस आणि वेळ टाकली. त्या वेळेआधीचा फुल (सगळ्या फाइलींचा) बॅकअप आणि त्यानंतर त्या वेळेपर्यंतचे इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींचे) बॅक्युलानं आपणच गोळा केले. हाती लागणार होतं सोमवारी रात्रीचं. मंगळवारी सकाळचं काम जाणार, हे दादांना आधीच सांगितलं.

मग डॉलरच्या चिन्हापुढे सीडी (फोल्डर बदलायची कमांड) देत प्रकल्पाच्या फोल्डरपर्यंत गेलो आणि फाइली निवडायच्या मार्क कमांडपुढे तारा (*), म्हणजे इथलं सगळं, टाकला. एस्टिमेट कमांडनं आकडा बघितला तर मार्क झालेल्या फाइली १,२१४! ड्रॉइंग तर ८६ होती. आतलं साइटच्या फोटोंचं फोल्डरही ताऱ्यात आलं होतं. ते अनमार्क केलं, पुन्हा एस्टिमेट, ८६. मार्क झालेल्यांची यादी काढली आणि दादांनी पडद्यावर बोट ठेवत एकेक नाव वाचलं.

निवड संपली म्हणून डन लिहिलं की बॅक्युला रिस्टोअर चालवू का विचारतो; तिथं लगेच येस म्हणायचं नाही, हे मी फार जपतो. मॉड (बदल करायचा पर्याय) घेऊन रिस्टोअरची जागा बदलली, वेगळं फोल्डर दिलं. कारण दोन मजल्यांचे नकाशे दादांनी बुधवारी रात्री जागून त्याच नावानं पुन्हा काढले होते. मूळ जागी टाकलं असतं तर ती मेहनत जुन्या फाइलींखाली गेली असती.

काम संपल्यावर त्यांनी पहिली फाइल उघडली. जिन्याचा छेद, पायऱ्यांची मापं, सगळं जागच्या जागी. दादा काही बोलले नाहीत. रात्री काढलेले दोन नकाशे शेजारी उघडून जुन्यांशी ताडून बघायला लागले.