अर्धा जोर म्हणजे किती?

कोपराच्या ऑपरेशननंतर साधारण पाचव्या महिन्यात पिचरचं, म्हणजे बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याचं, कोपर दुखायचं थांबतं आणि आमची खरी डोकेदुखी तिथून सुरू होते.

मी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात माझ्याकडे फास्ट बोलर यायचे ते कंबर धरून, मणक्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर घेऊन. अमेरिकेत फिनिक्सला आले तर इथे सगळे कोपर धरून येतात. बोलर लांबून धावत येतो, हात जवळजवळ सरळ ठेवून चेंडू सोडतो. पिचरला रनअप नाही. माउंडवरून, म्हणजे मातीच्या उंचवट्यावरून, ६० फूट ६ इंचांवरच्या प्लेटकडे (बॅटरसमोरच्या पाटीकडे) तो नुसत्या एका ढांगेच्या बळावर चेंडू फेकतो. फेकण्याआधी वाकलेल्या कोपरापासूनचा हात पार मागे लोळतो आणि तेवढ्या क्षणात सगळा ताण कोपराच्या आतल्या अंगाच्या एका लहानशा लिगामेंटवर, हाडाला हाड बांधणाऱ्या पट्टीवर, येतो.

ते तुटलं की पूर्वी पिचरचा खेळ खलास. १९७४च्या सप्टेंबरमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या उजव्या मनगटाजवळचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून त्याच्या डाव्या कोपरात बसवला. १९७६ला तो मैदानात परतला आणि १९८९पर्यंत खेळला. त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे आहेत. तेव्हापासून ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं.

माझा पेशंट चोवीस वर्षांचा, उजव्या हाताचा, डबल-ए संघातला, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगच्या दोन पायऱ्या खाली. मनगटाचा तो टेंडन त्याला जन्मतःच नव्हता. (अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट किंचित वाकवा, मधोमध दोरी उठते ती हीच. बऱ्याच जणांना नसते आणि काही अडत नाही.) म्हणून त्याच्या मांडीतला टेंडन घेतला होता. "आता मी पायाने पिचिंग करतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

त्या दिवशी ४५ फुटांवरून हलके थ्रो होते. उन्हाळ्यात फिनिक्सला सकाळी सातनंतर बाहेर उभं राहवत नाही, म्हणून उजाडताच आलो होतो. मी म्हटलं, अर्ध्या जोराने टाक. त्याने टाकले. हालचाल लोण्यासारखी, चेहरा निवांत. समोर झेलणाऱ्या आमच्या असिस्टंटने मात्र चौथ्या चेंडूनंतर ग्लोव्ह काढून तळवा झटकला.

मी गाडीतून चेंडूचा वेग मोजणारी रडारगन आणली. पुढचा चेंडू: ताशी ७८ मैल. दुखापतीआधी याचा फास्टबॉल ९५ चा. मला साठ-पासष्टच्या वर काही नको होतं.

"हा अर्धाच होता, आईशप्पथ," तो म्हणाला. आणि खोटं बोलत नव्हता. पिचरला अर्धा जोर लावायला सांगितलं तरी वेग पूर्ण वेगाच्या ८० टक्क्यांवर जातो आणि कोपरावरचा ताणही अर्ध्याच्या बराच वर राहतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. शरीराला ती हालचाल एकाच पद्धतीने येते. हे मी वाचलं होतं. पण पाच महिन्यांच्या नव्या लिगामेंटवर ते घडताना बघणं वेगळं.

मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "हा आकडा क्लबला कळवणार का?"

त्याची भीती मला कळत होती. २०२४मध्ये मेजर लीगचा किमान पगार ७ लाख ४० हजार डॉलर होता. डबल-एमध्ये त्याच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमीवर भागवायचं, आणि त्याची जागा घ्यायला मागे पोरांची रांग. वर्ष-दीड वर्ष बसून राहिलेल्या पिचरच्या नावापुढे आणखी दोन आठवड्यांचा उशीर लिहिला जाणं त्याला परवडणारं नव्हतं. पण बसवलेला टेंडन पुन्हा फाटणं त्याहून महाग. मी ७८ लिहिला आणि तसं त्याला तोंडावर सांगितलं. तो ग्लोव्ह आपटून सावलीत जाऊन बसला.

दहा मिनिटांनी उठून आला तेव्हा मी "हळू टाक" म्हणणं सोडून दिलं. या लोकांना हळू म्हणजे काय ते माहीतच नसतं. गनचा डिस्प्ले त्याला दिसेल असा ठेवला आणि चेंडू वरून कमान काढत टाकायला लावला. ७१. मग ६८. एकदा परत ७४, त्यावर त्यानेच स्वतःला शिवी हासडली.

"माउंडवर कधी?" त्याने विचारलं. मी म्हटलं, ऑक्टोबरआधी नाही. पुढची शिवी मला होती. त्यानंतरचा चेंडू ६३.

ती गन माझ्या नवऱ्याची होती, मुलाच्या क्रिकेटसाठी घेतलेली. पुढच्या आठवड्यात क्लिनिकने स्वतःची घेतली.